मदत हवी आहे: सिंगापूरला पुंगोलमध्ये राहायला जातोय. भाड्याचं घर, गुंतवणूक आणि आईचं येणं-जाणं

आंबोळी

नमस्कार मंडळी. मला सिंगापूरला नोकरी मिळाली आहे. ऑफिस पुंगोल डिजिटल डिस्ट्रिक्टमध्ये आहे, म्हणजे शहराच्या पार ईशान्य टोकाला. समोर सामुद्रधुनी आणि पलीकडे मलेशियाचं जोहोर. आजवर सिंगापूर पाहिलंय ते पर्यटक म्हणून, मरिना बे आणि सेंटोसापुरतं. या भागाची काहीच माहिती नाही.

घरात आम्ही तिघं. नवरा इथली नोकरी सोडून सोबत येईल आणि तिकडे काम शोधेल. मुलगा नऊ वर्षांचा आहे, सीबीएसई शाळेत चौथीत. माझी आई सांगलीला एकटी असते आणि मी एकुलती एक. जाण्याचा निर्णय झालाय, पण तिचा विचार डोक्यातून जात नाही.

पहिला प्रश्न राहण्याचा. ऑफिसजवळ पुंगोलमध्येच घर घ्यावं, की लिटल इंडियाच्या आसपास, जिथे वाणसामान आणि आपली माणसं मिळतील?

दुसरा पैशांचा. वाकडला आमचा फ्लॅट आहे, कर्ज फिटलेलं आहे. ओळखीतल्या दोघांनी सांगितलं की तो विकून सरळ पुंगोलला कॉन्डो, म्हणजे खासगी संकुलातला फ्लॅट, घ्या. नवं मेट्रो स्टेशन झालंय, विद्यापीठ आलंय, कंपन्या येतायत, भाव वाढणारच. ऐकायला पटतं, पण आमच्यासाठी ही आयुष्यभराची कमाई आहे.

तिसरा आईचा. तिला वर्षातले काही महिने तरी माझ्याकडे आणता येईल का? तिला बीपी आहे, गुडघे दुखतात.

प्रत्यक्ष तिथे राहिलेल्यांनी लिहिलंत तर फार उपकार होतील.

खाडीकाठ

ताई, अभिनंदन. मी पुंगोलमध्येच राहते, त्यामुळे राहण्याबद्दल लिहिते. पैशांचं जाणकार सांगतील.

ऑफिस पुंगोलला असेल तर घरही पुंगोललाच बघा. लिटल इंडियात राहून रोज उलटं येण्यात काही हशील नाही, कारण मेट्रोची जांभळी नॉर्थ ईस्ट लाइन पुंगोलहून थेट लिटल इंडिया आणि फॅरर पार्कला जाते. गाडी बदलावी लागत नाही, अर्धा तास धरून चाला. शनिवारी संध्याकाळी जायचं, टेका मार्केटमधून भाजी, मुस्तफा या मोठ्या दुकानातून पोहे, डाळी, पिठं घ्यायची आणि परत. डिसेंबर २०२४ मध्ये पुंगोल कोस्ट हे या लाइनचं शेवटचं स्टेशन सुरू झालं, ते तुमच्या ऑफिसच्या दारातच आहे. सकाळी सगळी गर्दी शहराकडे जाते आणि तुम्ही उलट दिशेला, म्हणजे बसायला जागा मिळेल. हे सुख लहान नाही.

पुंगोल नव्यानं वसवलेलं उपनगर आहे. पूर्वी इथे डुकरं-कोंबड्या पाळायच्या वाड्या आणि मासेमारी होती. १९९६ मध्ये नव्या वसाहतीची योजना जाहीर झाली आणि मुख्य वाढ गेल्या पंधरा-वीस वर्षांतली. मधून सव्वाचार किलोमीटरचा कालवा काढलाय, त्याच्या दोन्ही काठांनी चालायला आणि सायकलला रस्ता आहे. कधीकधी पाणमांजरं दिसतात. पुढे कोनी आयलंडचं जंगल आहे, पण तिथल्या पुळणीवर वाळूमाश्या फार चावतात, मुलाला पूर्ण पॅंट घालूनच न्या. आतल्या भागात एलआरटी नावाची छोटी गाडी फिरते, पूर्वेकडे एक आणि पश्चिमेकडे एक. तिच्या स्टेशनपासून पाच-सात मिनिटांत चालत पोचता येईल असं घर बघा. दुपारच्या उन्हात किंवा वीजपावसात हे अंतर फार जाणवतं, आणि आई येणार असतील तर अधिकच.

घर सरकारी वसाहतीतलं, म्हणजे एचडीबीचं बघा, सिंगापूरची बहुतेक जनता त्यातच राहते. ‘फोर रूम’ म्हणजे चार बेडरूम नव्हेत. तीन बेडरूम आणि हॉल, साधारण हजार चौरस फूट. भाडं महिना ३,००० ते ३,५०० सिंगापूर डॉलरच्या दरम्यान धरा. जाड भिंतींची एक छोटी खोली दिसेल, ते बॉम्बहल्ल्यापासून बचावाचं निवारागृह. सगळेजण तिथे डबे आणि बॅगा ठेवतात.

दोन गोष्टी मोकळेपणानं सांगते, कारण कोणी सांगत नाही. काही घरमालक जाहिरातीतच लिहितात की हलका स्वयंपाकच चालेल, आणि काही भारतीयांना घर द्यायला कां कूं करतात. आम्हाला हे सोसावं लागलंय आणि ते मनाला लागतं. एजंटला पहिल्याच फोनवर सांगायचं की रोज फोडणी होणार, चालत असेल तरच दाखवा. दुसरं, परदेशी भाडेकरूंना कोटा आहे. मलेशियन सोडून इतर परदेशी कुटुंबं एका इमारतीत ११ टक्के आणि परिसरात ८ टक्क्यांपर्यंतच. आवडलेल्या इमारतीचा कोटा भरला असेल तर घर मिळत नाही. टोकन देण्याआधी हे तपासून घ्या.

शाळेचं म्हणाल तर ग्लोबल इंडियन स्कूलचा मोठा कॅम्पस पुंगोललाच आहे. सीबीएसई आहे, सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून इतकी भारतीय कुटुंबं या भागात आहेत. फी भरपूर आहे, कंपनी काही भार उचलते का ते आत्ताच विचारा. सरकारी शाळेसाठी एईआयएस परीक्षा द्यावी लागते आणि पास होऊनही जागेची हमी नसते.

आणि हो, जोहोरच्या पासिर गुदांगमध्ये रासायनिक कारखाने आहेत. वारा तिकडून असला की कधीकधी आमच्याकडे वास येतो. रोज नाही, पण येतो.

निवडुंग

गुंतवणुकीबद्दल. कॉन्डो घ्या म्हणणाऱ्यांनी तुम्हाला एबीएसडीबद्दल सांगितलं का? परदेशी नागरिकानं सिंगापूरमध्ये राहतं घर घेतलं तर नेहमीच्या मुद्रांक शुल्काशिवाय किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क भरावं लागतं. २७ एप्रिल २०२३ पासून हा दर आहे, त्याआधी ३० टक्के होता.

समजा १५ लाख डॉलरचा कॉन्डो. जादा शुल्क ९ लाख, नेहमीचं शुल्क ४४,६००. म्हणजे ९,४४,६०० डॉलर नुसते करात, आणि तेही सुरुवातीलाच, रोख. १५ लाखांचं घर २४ लाखांच्या पुढे गेलं. भाव कितीही वाढले तरी ही तूट कधी भरून निघणार? अमेरिका, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिक्टेनश्टाइन यांच्या नागरिकांना व्यापार करारामुळे सिंगापूरकरांसारखा दर लागतो. भारताचाही सिंगापूरशी २००५ पासूनचा करार आहे, पण त्यात ही सवलत नाही.

पुंगोल वाढतंय हे खरंच आहे. एसआयटी (सिंगापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) हे विद्यापीठ २०२४ मध्ये तिथे आलं, क्रॉस आयलंड या मेट्रो लाइनचा पुंगोल फाटा २०३२ पर्यंत अपेक्षित आहे. पण जागा चांगली असणं आणि ती आपल्याला या करासकट परवडणं या निराळ्या गोष्टी आहेत. वाकडचा फ्लॅट विकू नका. भाड्यानं द्या.

मात्र तिकडे गेल्यावर तुम्ही अनिवासी ठराल, तेव्हा इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्या. तुमचा भाडेकरू भाड्यातून टीडीएस कापायला बांधील असेल, त्याला आधीच सांगा आणि करारात लिहा. उद्या विकायचं ठरलं तरी अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस निवासी माणसापेक्षा खूप जास्त कापला जातो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढता येतो.

आणि एक. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी माणसाच्या नोकरीच्या परवान्यावर, असताना सीपीएफ, म्हणजे तिथला भविष्य निर्वाह निधी, कापला जात नाही. पगार हातात जास्त दिसतो आणि खर्चही होतो. म्हातारपणाची तरतूद तुमची तुम्हालाच करायची आहे. पहिल्या पगारापासून एक हिस्सा बाजूला टाका, कॉन्डोचं नंतर बघू.

आंबोळी

निवडुंग, आकडे वाचून मी आणि नवरा दोघंही गप्पच झालो. हे कोणीच बोललं नव्हतं. मनापासून धन्यवाद.

मग पीआर, म्हणजे तिथला कायम रहिवासाचा परवाना, मिळाल्यावर घ्यावं का? ऑफिसमधल्या एकांनी सांगितलं की तेव्हा कर अगदी कमी होतो.

निवडुंग

होतो. पीआर झाल्यावर पहिल्या घरावर ५ टक्के. एचडीबीचं जुनं घरही घेता येतं, पण पीआर होऊन तीन वर्षं झाल्यावर. आणि ते घेतलंत तर इतरत्र असलेलं राहतं घर, भारतातलंसुद्धा, सहा महिन्यांत विकावं लागतं. म्हणजे वाकडचा प्रश्न तेव्हा पुन्हा उभा राहणार. शिवाय या घरांची मालकी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते.

पण तुमच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट आहे. तुम्हाला मुलगा आहे. आईवडिलांसोबत पीआर घेतलेल्या मुलाला अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. तो आज नऊचा आहे. पीआरचा अर्ज घराच्या करासाठी करू नका, हा विचार करून करा.

पाचवा मजला

मी याच वळणावरून गेले आहे म्हणून लिहिते. आमचा मुलगा सेवा करून आला. शिस्त आली, जिवाभावाचे मित्र मिळाले, हा देश माझाही आहे असं त्याला वाटायला लागलं. दुसऱ्या बाजूला, भारतातली त्याची भावंडं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना हा बूट घासत होता, आणि त्या काळात माझा जीव टांगणीला होता. सेवा पूर्ण झाल्यावरही वर्षानुवर्षं पुन्हा बोलावणं येत राहतं. सेवा न करता पीआर सोडून गेलं तर पुढे त्याला तिथे शिकायला किंवा नोकरीला यायचं असेल तेव्हा ते आड येऊ शकतं. आम्हाला निर्णयाचा पश्चात्ताप नाही. पण तो आम्ही मुलाला विचारून घेतला, आणि तोपर्यंत थांबलो.

रानजाई

आईंबद्दल मी लिहिते. माझी आई दरवर्षी येते.

आईवडिलांना दीर्घ मुदतीच्या पासवर ठेवायचं तर तुमचा ठरलेला मासिक पगार किमान १२,००० डॉलर हवा. नवरा आणि मुलगा यांच्या डिपेंडंट पाससाठी ६,००० पुरे. पहिल्या अटीत बसत नसाल तर आई व्हिसा काढून पाहुण्या म्हणून येतील. किती दिवस राहायचं ते विमानतळावर ठरतं, सहसा ३० दिवसांच्या आसपास मिळतात. नंतर ऑनलाइन मुदतवाढ मागता येते, पण तिची हमी नाही. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं काढा.

औषधं तीन महिन्यांपुरतीच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ पाकिटात. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर आधी परवानगी लागते. आणि खसखस अजिबात आणायची नाही. सिंगापूरमध्ये ती अमली पदार्थांत मोडते. घरचा गोडा मसाला, अनारसे, दिवाळीचा फराळ यांतही ती असते, आईंना आत्ताच सांगून ठेवा. नाहीतर त्या प्रेमानं डबा भरून घेऊन येतील.

आरोग्य विमा काढल्याशिवाय आईंना विमानात बसवू नका. सेंगकांग जनरल हॉस्पिटल जवळ आहे आणि चांगलं आहे, पण परदेशी रुग्णाला सवलत नसते. एका पडण्याचं बिल वर्षाची बचत खाईल.

तुमच्या मिस्टरांसाठीही एक सांगते. १ मे २०२१ पासून नुसत्या डिपेंडंट पासवर नोकरी करता येत नाही. त्यांना नोकरी देणाऱ्या कंपनीनं त्यांचा स्वतंत्र वर्क पास काढायला हवा. नोकरी सोडण्याआधी त्यांनी पुण्याहूनच अर्ज सुरू करावेत. वर्षभर एका पगारावर घर चालेल का, याचा हिशोब आधी करा.

तिथे एकटं पडायला होत नाही. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती असतो, मुलांसाठी मराठीचे वर्ग असतात. आईंना लिटल इंडियातल्या लक्ष्मीनारायण मंदिरात घेऊन जा, हिंदी बोलणारी माणसं भेटतात. माझी आई तिथे रमते.

आंबोळी

रानजाई, आई शेजारी बसून वाचत होती. खसखशीचं वाचून लगेच स्वयंपाकघरात गेली, मसाल्याचा डबा बघायला. पगार १२,००० च्या खाली आहे, त्यामुळे ती पाहुणी म्हणूनच येईल. तिला थंडी सोसत नाही, म्हणून डिसेंबरात आणावं असं मनात आहे.

ठरलं ते असं: वाकड विकायचं नाही, पुंगोललाच एचडीबीचं घर भाड्यानं घ्यायचं, पीआरचा विषय मुलगा मोठा होईपर्यंत बंद. नवरा मार्चपर्यंत नोकरी सोडणार नाही, आधी मी एकटी जाईन. हे जड जाणार आहे, पण हिशोब तेच सांगतो.

शेवटचं एक विचारते. एजंट दोन वर्षांचा करार करा म्हणतोय. माझी नोकरीच गेली तर?

खाडीकाठ

दोन वर्षांचा करा, पण त्यात डिप्लोमॅटिक क्लॉज घालूनच सही करा. नोकरी गेली किंवा देश सोडावा लागला तर १२ महिन्यांनंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं, असा तो असतो. मालक तयार नसेल तर ते घर सोडून द्या, दुसरं मिळेल. अनामत दोन वर्षांच्या कराराला दोन महिन्यांचं भाडं. करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, ते भाडेकरूच भरतो आणि ते भरल्याचा कागद जपून ठेवायचा. एसीची सर्व्हिसिंग दर तीन महिन्यांनी तुमच्याकडे असेल. लहानसहान दुरुस्तीत तुमचा वाटा किती डॉलरपर्यंत, तो आकडा लिहून घ्या.

पैसे देण्याआधी एजंटचा नोंदणी क्रमांक सीईए, म्हणजे एजंटांची नोंदणी करणारी सरकारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर तपासा, तिथे फोन नंबरही दिसतो, तोच आहे ना बघा. घर न पाहता पुण्यातून एक डॉलरसुद्धा पाठवायचा नाही. पहिले काही दिवस कंपनीकडून राहण्याची सोय मागा आणि स्वतः फिरून घरं बघा. शक्यतो एकदा पाऊस पडत असताना बघा, खिडक्यांतून पाणी आत येतं का ते कळतं. डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मोसमी पाऊस असतो, थंडी नाही पण सतत ओल असते आणि वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत. आईंच्या गुडघ्यांसाठी फेब्रुवारी-मार्च बरा.

कोणत्या एलआरटी स्टेशनजवळची घरं पाहताय ते इथे लिहा. शाळेची बस कुठून जाते आणि कुठली इमारत रस्त्याच्या आवाजाला लागून आहे, ते मी सांगू शकेन.