मदत हवी आहे: बार्बेक्यूची रांग टाळता येते का? (तातडीचं)

निळी_छत्री: परवा आम्ही पाच जण बार्बेक्यू खायला जातोय. पहाटेपासून रांग असते आणि तरीही ब्रिस्केट संपतं, असं सगळे घाबरवताहेत. सासऱ्यांचा गुडघा दुखतो, लेक सहा वर्षांची आहे. नवऱ्याने वर्षभर या एका जेवणाचा ध्यास घेतलाय, त्यामुळे 'दुसरीकडे जा' सांगू नका. रांग चुकवायचा काही मार्ग? आणि सासऱ्यांसाठी काय मागवू? उद्या विमान आहे, लवकर सांगा.

धुरकट: शहर कुठलं? मेम्फिसला डुकराच्या बरगड्या, टेक्सासात ब्रिस्केट, सगळीकडे वेगळं असतं. आणि सासऱ्यांना काय चालत नाही?

ठेचा_भाकरी: मी सांगते, नॉर्थ कॅरोलायनाला जा. पूर्व भागात अख्खं डुक्कर मंद आचेवर भाजतात, मग मांस चिरून त्यावर व्हिनेगर आणि मिरची. आंबट-तिखट, आपल्या जिभेला अगदी जवळचं. आम्ही तिथल्या रॅली शहरात सात वर्षं होतो.

निळी_छत्री: ब्रिस्केट म्हटलं की टेक्सासच ना! ऑस्टिन, फ्रँकलिन बार्बेक्यू. विमानाची तिकिटं काढून झालीत, कॅरोलायनाचा प्रश्नच येत नाही.

रविवारचा_रस्सा: ऑस्टिनला चार वर्षं राहतोय. अकराला दार उघडतं, माल संपला की बंद. घडीच्या खुर्च्या, पाणी, टोप्या न्या. उघडण्याआधी त्यांचा माणूस रांगेत येऊन कोण किती घेणार विचारतो, म्हणजे आपल्यापर्यंत काय उरेल त्याचा अंदाज येतो. आम्ही गेलो तेव्हा मी सातला एकटा उभा राहिलो, घरचे साडेदहाला आले. माणशी अर्धा पाउंड मांस पुरतं. पण वार कोणता?

जुना_टेक्सासी: रांगेत कशाला उभं राहायचं? टेक्सासमधल्याच लेक्सिंग्टनला स्नोज् हे बार्बेक्यूचं दुकान गाठा. 2008 मध्ये 'टेक्सास मंथली' मासिकाने त्यांना राज्यात पहिला नंबर दिला होता. सकाळी आठला सुरू.

रविवारचा_रस्सा: अहो, स्नोज् फक्त शनिवारी उघडं असतं आणि आज शनिवारच आहे. त्या उद्या येताहेत. आणि रांग तिथेही असतेच.

निळी_छत्री: परवा म्हणजे सोमवार.

रविवारचा_रस्सा: सोमवारी फ्रँकलिन बंद असतं.

निळी_छत्री: काय सांगता! हॉटेलपासून सगळं सोमवार धरून ठरवलंय. मंगळवारी सकाळी ह्यूस्टनला निघायचंय. आता?

धुरकट: सोमवारी सगळ्यांना घेऊन लॉकहार्टला जा. ऑस्टिनच्या दक्षिणेला तीसेक मैल. तिथलं ब्लॅक्स हे बार्बेक्यूचं दुकान 1932 पासून आहे, रोज उघडं असतं आणि बसायला जागा भरपूर. सासऱ्यांचं अजून सांगितलं नाहीत.

निळी_छत्री: ते मटण-कोंबडी सगळं खातात, फक्त बीफ नाही. हे वेगळं काय सांगायचं?

धुरकट: तेच तर सगळ्यात महत्त्वाचं! ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचं मांस. तिकडच्या सॉसेजमध्येही बहुतेक बीफ असतं. त्यांच्यासाठी टर्की किंवा डुकराच्या बरगड्या घ्या आणि वेगळ्या कागदावर द्यायला सांगा. सुरी आणि पाट मात्र बहुधा एकच असतो, ते चालणार आहे का आधी विचारा. घेवड्यातही मांसाचे तुकडे असू शकतात. बटाट्याचं सॅलड, ब्रेड, लोणच्याची काकडी, कांदा घ्या.

आईचा_डबा: ब्रिस्केट घरीही छान होतं. मीठ-मिरी चोळून ओव्हनमध्ये 250 फॅरनहाइटला रात्रभर ठेवा. रेसिपी टाकू का?

जुना_टेक्सासी: ओव्हनमध्ये धूर कुठून येणार? पोस्ट ओकच्या लाकडावर बारा-बारा तास भाजतात म्हणून तर ती काळी खरपूस साल येते. आणि लॉकहार्टलाच जाणार असाल तर क्रॉइट्झ मार्केटला जा, 1900 पासूनचं आहे. सॉस मागू नका.

आईचा_डबा: ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांनी खायचंच नाही का?

रविवारचा_रस्सा: रेसिपीसाठी वेगळा धागा काढा ना. निळी_छत्री, ह्यूस्टन तीन तासांवर आहे. दुपारी निघालात तर? मंगळवारी नवऱ्याला एकट्याला सातला फ्रँकलिनच्या रांगेत पाठवा, बाकीच्यांनी हॉटेलात निवांत नाश्ता करा.

निळी_छत्री: नवऱ्याला विचारलं, तो म्हणतो सहालाच जाईन. सोमवारी सासूसासऱ्यांना घेऊन ब्लॅक्स, टर्की वेगळ्या कागदावर. सासरे म्हणाले, सुरीचं चालेल, पण एका ताटात नको. आता एवढंच सांगा, उरलेलं ब्रिस्केट गाडीतून ह्यूस्टनपर्यंत टिकेल का, की बर्फाची पेटी घ्यावी लागेल?

ठेचा_भाकरी: पेटी घ्याच. आणि येताना रॅलीमार्गे या!