गोळ्या थांबल्यावर तारुण्यपीटिका परत का येतात

‘डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविक गोळीने दीड महिन्यात चेहरा स्वच्छ झाला, पण गोळ्या थांबताच पुरळ परतले, म्हणजे उपचार निरुपयोगी’ अशी तक्रार काही जण करतात. अनुभव खरा आहे, निष्कर्ष मात्र मान्य होण्यासारखा नाही. ही गोळी दाह कमी करते, रोमरंध्रे बुजण्याची मूळ प्रक्रिया ती थांबवत नाही. म्हणून ती एकटी न देता सोबत रोमरंध्रे मोकळी ठेवणारे अ‍ॅडापलीन आणि जिवाणू मारणारे बेंझॉइल पेरॉक्साइड ही औषधे त्वचेवर लावायला देतात, साधारण तीन महिन्यांत गोळी बंद करतात आणि लावायचे औषध पुढेही चालू ठेवतात. बेंझॉइल पेरॉक्साइडमुळे जिवाणूंमध्ये प्रतिजैविकाला दाद न देण्याची प्रवृत्ती बळावण्याचा धोका कमी होतो, हाही मोठा लाभ आहे.

सहसा कोणी न मांडलेली एक गोष्ट सांगतो. माझा एकोणीस वर्षांचा भाचा निफाडजवळ राहतो. एप्रिलमध्ये द्राक्षबागेच्या खरड छाटणीत तो दिवसभर उन्हात होता आणि त्याच सुमारास ही गोळी सुरू झाली होती. चार दिवसांत नाक, गाल आणि हातांचे पंजे भाजल्यासारखे लाल झाले. या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. नाशिक परिसरातल्या शेतकरी कुटुंबातल्या मुलांनी आपले उन्हातले काम डॉक्टरांना आधीच सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेला इजा होऊ शकते.