रेकॉर्डींचा भाव पडलाय का? शाहूपुरीत दोन पेट्या पडून आहेत, लवकर सांगा

शाहूपुरीकर
वडिलांच्या रेकॉर्डींच्या दोन पेट्या काढायच्या आहेत. 2018 साली एक जुन्या मालाचा व्यापारी सरसकट नगाला दीडशे म्हणाला होता, तेव्हा आईनं विकू दिल्या नाहीत. आता तोच माणूस तीस म्हणतोय, तेही निवडून. पेपरात तर वाचतो की रेकॉर्डींना पुन्हा सोन्याचे दिवस आलेत. मग हा मला शेंडी लावतोय का? रविवारी खोली रंगाऱ्याच्या ताब्यात द्यायची आहे. आकडा सांगा, प्रवचन नको.

सुईवाला
मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या, म्हणजे 78, की 33 फेऱ्यांच्या एलपी? कव्हरं आहेत का? चरे किती? काहीच सांगितलं नाहीत, आकडा कुठून काढू?

शाहूपुरीकर
काळ्या आहेत, गोल आहेत. एचएमव्हीच्या. कुत्र्याचं चित्र आहे.

तांबडापांढरा
कुत्रं निम्म्या भारताच्या रेकॉर्डीवर बसलंय भावा. त्यावरनं भाव काय सांगणार?

पेठेतला_दादा
विकू नका! जुनं तेवढं महाग, हा साधा हिशेब आहे. दहा वर्षं थांबा, लाखात जातील. माझ्याकडे आजोबांच्या काळातला भोंग्याचा ग्रामोफोन आहे, पितळी भोंगा. कुणाला हवा असेल तर व्यनि करा.

सुईवाला
दादा, हा हिशेबच चुकीचा. हिंदी सिनेमाच्या एलपीत तर बऱ्याचदा उलट असतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कॅसेटनं बाजार खाल्ला, एलपी थोड्याच निघायला लागल्या. म्हणून त्या शेवटच्या वर्षांतली एखादी सुमार सिनेमाची एलपीसुद्धा पन्नासच्या दशकातल्या घरोघरी वाजलेल्या 78 पेक्षा कितीतरी महाग जाते. माल किती उरलाय आणि आज तो कोण शोधतोय, भाव त्यावर ठरतो. चरणजित सिंग यांची सिंथेसायझरवर राग वाजवलेली 1982 ची एलपी घ्या. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. 2010 मध्ये परदेशात पुन्हा निघाली आणि मूळ प्रतीसाठी लोक वाट्टेल ते मोजायला लागले.

पेठेतला_दादा
परदेशातलं इथं कशाला? कोल्हापुरात कानसेन आहेत. आमच्या आजोबांकडे खुद्द गायक अल्लादियाखाँसाहेबांची रेकॉर्ड होती.

गायनवेडी
नव्हती. खाँसाहेबांनी रेकॉर्ड दिलीच नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची असेल. केसरबाईंचं गाणं 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानातून अवकाशात गेलंय. तरीही त्यांच्या 78 ना आज मोजकेच गिऱ्हाईक आहेत हो, हेच दुःख आहे. नाट्यगीतं, ख्याल जमवणारी माणसं वयानं थकली, आणि त्यांच्याच घरून पेट्या बाजारात यायला लागल्या. घेणारे कमी, विकणारे जास्त.

शाहूपुरीकर
माझ्या धाग्यावर अवकाश कशाला? बघितलं आत्ता. बहुतेक जड आहेत, एक हातातून पडली आणि फुटली. खालच्या पेटीत लवचिक मोठ्या थोड्या आहेत, त्यांवर 33 लिहिलंय.

सुईवाला
फुटली म्हणजे लाखेची, 78. लवचिक त्या एलपी. आता कव्हरांचं सांगा.

शाहूपुरीकर
कव्हरं पुरात गेली.

तांबडापांढरा
कुठला पूर???

शाहूपुरीकर
2019 चा. कुंभार गल्लीजवळ घर आहे, तळमजल्यावर पेट्या होत्या. सगळ्यांचंच भिजलं, त्यात सांगण्यासारखं काय?

सुईवाला
अहो, सगळं तर यातच आहे! व्यापाऱ्यानं दीडशे सांगितले ते कोरड्या मालाचे. एलपी घेणारी आजची तरुण पोरं कव्हर भिंतीवर लावतात. डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर तर कव्हर आणि तबकडीचा दर्जा वेगवेगळा लिहितात. कव्हर गेलं, लेबल फुगलं, खोबणीत गाळ बसला की तीच एलपी निम्म्याच्याही खाली येते. पेपरातली बातमी नव्या मालाची असेल. अमेरिकेत 2022 मध्ये एलपी नगांच्या हिशेबात सीडीच्या पुढे गेल्या, 1987 नंतर पहिल्यांदाच. त्यानं तुमच्या भिजलेल्या 78 चा भाव कसा वाढणार?

आयटीवाला_कोल्हापुरी
विकताय कशाला? सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. यूएसबीचा प्लेअर मिळतो.

तांबडापांढरा
त्यांना खोली रिकामी करायची आहे, गाणी ऐकायची नाहीत.

पेठेतला_दादा
स्पिरिटनं पुसा, लख्ख होतात. मग दुप्पट भाव घ्या.

सुईवाला
अजिबात नको! लाख स्पिरिटमध्ये विरघळते. 78 वर स्पिरिट लावलं तर खोबणीसकट गाणं फडक्यावर येईल. लेबल वाचवून ओल्या मऊ फडक्यानं पुसा आणि उभ्या करून वाळवा. उन्हात ठेवू नका, एलपी वाकतात. आणि दादांचा पितळी भोंगा त्यांच्यावर चढवू नका, त्या जड पोलादी सुईनं एलपी सोलून निघते.

पेठेतला_दादा
माझ्या भोंग्याला नावं ठेवायचं काम नाही.

शाहूपुरीकर
बरं, एलपींवरचे नंबर टाकतो: दोन ईसीएलपीनं सुरू होतात, तीन ईएएसडीनं, बाकी पॉलिडोर कंपनीच्या. आता तरी आकडा?

सुईवाला
ईएएसडी म्हणजे स्टिरिओ. त्या आणि पॉलिडोर वेगळ्या काढा, चरे नसतील तर बिनकव्हरच्याही दोनशेच्या खाली देऊ नका. चोरबाजारात त्याच चढ्या भावानं दिसतील, पण तो दुकानदाराचा भाव, तुमच्या हातात तेवढा पडणार नाही. 78 ना तीस वाईट नाहीत. तो निवडूनच नेणार असेल तर मात्र चाळीस मागा, कारण मागं राहतील त्या कुणीच घेणार नाही.

गायनवेडी
78 मध्ये नाट्यगीतं किंवा ख्याल असतील तर व्यापाऱ्याला दाखवण्याआधी मला यादी द्या. पाण्यातल्या असल्या तरी चालतील, शनिवारी येऊन बघते.

शाहूपुरीकर
यादी कोण करत बसणार? शनिवारी दुपारी या, हातानं निवडा. फुटलेलीसुद्धा इथंच आहे.

आयटीवाला_कोल्हापुरी
कॅसेटींना पण भाव आहे का हो? माझ्याकडे पोतंभर आहेत.