ओरिओच्या 'क्रीम'मध्ये साय कुठे आहे?

चहाबाज: भाचीने न्यू जर्सीहून ओरिओचा पुडा आणला. सवयीने मागचे घटक वाचले: मैदा, साखर, पाम किंवा कनोला तेल, कोको, कॉर्न सिरप, सोडा, मीठ, सोया लेसिथिन. दूध औषधालाही नाही! मधलं पांढरं खरवडून गरम पाण्याच्या वाटीत टाकलं. साखर विरघळली, वर तेलाचा तवंग. याला क्रीम म्हणायचं? माझ्या मते ही शुद्ध धूळफेक.

खारीप्रेमी: धूळफेक कसली? तिकडच्या पुड्यावरचं 'क्रीम'चं इंग्रजी स्पेलिंग बघा. शेवटी सायीच्या क्रीमसारखं 'ईएएम' नाही, 'ईएमई' आहे. सायीचा दावा केलाय कुणी? दाढीच्या क्रीममध्ये शोधता का साय?

चहाबाज: दाढीचं क्रीम मी खात नाही. आणि एका अक्षराची ही पळवाट दुकानात उभं राहून कोण तपासतं?

रिकामटेकडी: मला तर दूध नाही हेच बरं वाटतं. खरी साय भरली तर तिच्यातल्या पाण्याने बिस्किट दोन दिवसांत मऊ पडेल. साखर आणि घट्ट तेलात पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून ते महिनोन्महिने कुरकुरीत राहतं. शिवाय आत्ताचं ओरिओ त्यामानाने सोवळं आहे हो! 1912 साली न्यूयॉर्कला सुरू झालं, आणि 1990च्या दशकापर्यंत त्या पांढऱ्यात चक्क डुकराची चरबी असायची. ती काढल्यावर, 1997 च्या सुमारास, ज्यूंच्या आहारनियमांत बसतं असं सांगणारं कोशर प्रमाणपत्र मिळालं. त्याआधी तिकडे गेलेल्या आपल्या शाकाहारी मंडळींपैकी किती जणांनी घटक वाचले असतील, देव जाणे.

चहाबाज: चरबी गेली, पण आलं काय? अर्धवट हायड्रोजनेटेड तेल, म्हणजे आपल्या वनस्पती तुपाचं भावंड. त्यातल्या ट्रान्स फॅटवरून, म्हणजे हृदयाला घातक स्निग्धांशावरून, 2003 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वकिलाने दावा ठोकला. थोड्याच दिवसांत मागे घेतला, पण बोभाटा व्हायचा तो झाला. पुढे तेही तेल गेलं, पाम आलं. दर वेळी आतला माल बदलतो, नाव मात्र क्रीमच.

खारीप्रेमी: मग 'गोड घट्ट तेल' असं छापायचं का? कोण विकत घेईल?

चहाबाज: हेच तर म्हणतोय मी!

रिकामटेकडी: ते राहू दे. पांढरं खरवडलेल्या बिस्किटांचं काय केलंत?

चहाबाज: चहात बुडवून खाल्ली. ती बरी लागतात.