'बून': फायरमनचा गुप्तहेर झाला आणि मालिका हरवली?

गिरीश (धागाकर्ता)
ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर १९८६ मध्ये सुरू झालेली 'बून' ही मालिका पुन्हा पाहिली. फायरमन केन बून श्वसनयंत्र न लावताच जळत्या घरात शिरतो, मुलाला बाहेर काढतो. विषारी धुराने फुप्फुसं निकामी होतात, नोकरी सुटते. त्याचा दलातला मित्र हॅरी क्रॉफर्ड हॉटेल काढतो. केन मात्र कायद्यात बसेल ते कुठलंही काम करेन, अशी जाहिरात देतो. मग मोटरसायकलवर कुरिअर, पुढे खासगी तपास.

माझ्या मते बर्मिंगहॅममधली सुरुवातीची पर्वं हीच खरी मालिका. सकाळी उठून जायचं कुठे, हेच ज्याला ठाऊक नाही असा माणूस मायकेल एल्फिकने तिथे उभा केलाय. पुढे नॉटिंगहॅम आलं, तपास आला आणि दर भागाला एक प्रकरण एवढंच उरलं. फुप्फुसंसुद्धा विसरली गेली.

शलाका
अजिबात पटलं नाही. नोकरी गेलेला माणूस वर्षानुवर्षं त्याच दुःखात बसलेला दाखवायचा का? पोट आहे, देणी आहेत. हॅरीचे धंदे सतत डळमळतात, तरी हे दोघं 'क्रॉफर्ड बून सिक्युरिटी' काढतात. आगीत ज्याच्या भरवशावर आत शिरायचं, त्याच्याच भरवशावर आता पैसा लावायचा. मला मालिका तिथे जास्त आवडते.

मिलिंद
मी कारखान्यांच्या अग्निसुरक्षेत वीस वर्षं काम केलं, म्हणून पहिल्या प्रसंगाबद्दल लिहितो. त्या काळच्या ब्रिटिश घरांत सोफे-गाद्या पॉलियुरेथेन फोमच्या असत. जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतं. १९७९ मध्ये मँचेस्टरच्या वुलवर्थ्स दुकानात अशाच फर्निचरच्या आगीत दहा माणसं गेली. फर्निचरचे कडक नियम यायला १९८८ उजाडलं. म्हणजे केनची इजा पटकथेच्या सोयीसाठी नाही, तेव्हाच्या दिवाणखान्यातलीच आहे.

नियम मोडला म्हणून मूल वाचलं आणि नियम मोडला म्हणून नोकरी गेली. या गाठीपाशी मालिकेने पुन्हा पुन्हा यायला हवं होतं. गिरीशशी सहमत.

शलाका
मिलिंद, ती गाठ संवादात शोधू नका. केनची मोटरसायकल बघा: बीएसए या ब्रिटिश कंपनीची ६५० सीसी. बीएसएचा कारखाना बर्मिंगहॅमच्याच स्मॉल हीथमध्ये होता आणि सत्तरच्या दशकात तिथलं मोटरसायकलचं उत्पादन थांबलं. काम गेलेला फायरमन बंद पडलेल्या कारखान्याची गाडी जपतो, अजून काय बोलायला हवं?

मी बर्मिंगहॅमला सहा वर्षं राहिले. शेजारचे आजोबा बीएसएत होते, नंतर त्यांनी बस चालवली. कारखान्याबद्दल चकार शब्द नाही. रविवारी फक्त शेड उघडून बसायचे.

गिरीश
आजोबांचं वाचून थांबलो. पण बस चालवताना ते बीएसएचे वाटायचे का? शेवटच्या पर्वांतला केन मला फायरमन वाटतच नाही. दुसऱ्या कुठल्याही तपास-मालिकेत खपून जाईल.

शलाका
वाटायचे. रस्त्यावर एखाद्या इंजिनाचा आवाज वेगळा आला की बोलता बोलता गप्प व्हायचे, आवाज दूर जाईपर्यंत. केन हॅरीसमोर असाच गप्प होतो. तिसऱ्या पर्वापासून फक्त त्या दोघांचे प्रसंग लावून बघा, मग बोलू.