लिबव्हर्ट एपीआय: कॉलबॅक नोंदवूनही मशीनच्या स्थितिबदलाचे इव्हेंट मिळत नाहीत

प्रश्न

नमस्कार. केव्हीएमवरील (लिनक्समधील व्हर्च्युअलायझेशनची सोय) व्हर्च्युअल मशीनच्या व्यवस्थापनासाठी आम्ही लिबव्हर्ट या, अशा मशीन हाताळणाऱ्या लायब्ररीच्या पायथन एपीआयवर प्लगइन लिहीत आहोत. सध्या ते ठरावीक अंतराने सर्व मशीनची यादी मागवते आणि प्रत्येकीची स्थिती स्वतंत्रपणे विचारते. मशीन वाढत गेल्या तशी स्क्रीन अडखळू लागली. म्हणून स्थितिबदलाच्या इव्हेंटसाठी कॉलबॅक, म्हणजे इव्हेंट घडताच आपोआप बोलावले जाणारे फंक्शन, नोंदवला. कनेक्शन उघडण्याआधी डीफॉल्ट इव्हेंट लूपचीही (इव्हेंटची वाट पाहून ते कॉलबॅकपर्यंत पोहोचवणारे चक्र) नोंदणी केली आहे. त्रुटी कोणतीच येत नाही, परंतु मशीन बंद-चालू केली तरी कॉलबॅक एकदाही चालत नाही. काय राहून गेले असावे?

उत्तर १

आपण लूप नोंदवला आहे, पण तो चालवत कोणीच नाही. कोणता लूप वापरायचा एवढेच नोंदणीमुळे ठरते. तो फिरवण्याची जबाबदारी आपल्याच प्रोग्रामची असते. वेगळा थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारा कामाचा प्रवाह) सुरू करून त्यात 'रन डीफॉल्ट इम्पल' हे फंक्शन सतत बोलावत राहा, कारण एका हाकेत लूपची एकच फेरी होते. नोंदणी कनेक्शनच्या आधी केलीत, हा क्रम योग्यच आहे.

कॉलबॅकमध्ये मात्र जड काम करू नका. तिथे डिस्कची माहिती विचारत बसलात तर लूप अडकतो आणि पुढचे सगळे इव्हेंट ताटकळतात. मशीनचा यूयूआयडी (तिचा कायमचा, एकमेव ओळखक्रमांक) आणि इव्हेंटचा प्रकार रांगेत टाकावा आणि लगेच परतावे. बाकीचे काम दुसऱ्या थ्रेडने करावे. यूयूआयडीच घ्यावा, कारण आयडी मशीन चालू असेपर्यंतच टिकतो आणि बंद मशीनसाठी तो उणे एक असतो.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. इव्हेंटचा केवळ प्रकार पाहून निष्कर्ष काढू नये, त्यासोबतचा तपशीलही वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. मशीन दुसऱ्या होस्टवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) स्थलांतरित झाली की मूळ होस्टवर 'स्टॉप्ड' हाच इव्हेंट येतो आणि तिची स्थिती जतन करून ठेवली तरीही तोच येतो. तपशील न पाहता सूचना पाठवणारे प्लगइन व्यवस्थित चाललेल्या मशीनसाठी रात्रीअपरात्री माणसांना उठवते.

आधी कॉलबॅक नोंदवा, मगच सुरुवातीची यादी मागवा. उलट क्रमाने केल्यास मधल्या क्षणात झालेला बदल निसटतो. आकडेवारीसाठी सर्व मशीनची माहिती एकाच हाकेत देणारे फंक्शन आहे, ते वापरावे. शिवाय प्लगइन फक्त माहिती दाखवत असेल, तर कनेक्शन केवळ-वाचनाचे उघडावे. सिस्टिम पातळीवरील पूर्ण कनेक्शन म्हणजे व्यवहारात रूटचेच (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचे) अधिकार असतात.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. लूपसाठी वेगळा थ्रेड सुरू करताच इव्हेंट येऊ लागले. लिबव्हर्टची सेवा पुन्हा सुरू झाल्यास या नोंदण्या टिकतात का?

उत्तर १

नाही, त्या कनेक्शनबरोबरच जातात. कनेक्शन तुटल्याचे कळवणारा स्वतंत्र कॉलबॅक नोंदवावा आणि किपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का हे ठरावीक वेळाने तपासणारे संदेश) सुरू ठेवावे. तेही याच लूपवर अवलंबून असते. जोडणी तुटली की नवे कनेक्शन उघडून सर्व कॉलबॅक पुन्हा नोंदवा आणि यादी नव्याने मागवा.