देखभाल विभागाचे प्रमुख बदलले: कर्मचाऱ्यांच्या अस्वस्थतेला कितपत अर्थ द्यावा?

रात्रपाळी_बी१ यांचा प्रश्न

मी मुंबईतील एका विमान कंपनीत लाइन मेन्टेनन्सला (उड्डाणांदरम्यान विमानतळावर होणारी देखभाल) बी१ परवान्यावर (विमानाचा सांगाडा व इंजिने यांचे काम प्रमाणित करण्याचा परवाना) काम करतो. कंपनीचे नाव किंवा ती ओळखू येईल असा तपशील देत नाही, आणि कृपया कोणी विचारूही नये.

काही आठवड्यांपूर्वी आमच्या अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख बदलले. जुने साहेब हँगरमधूनच वर आलेले होते. टेक्निशियन म्हणून लागले आणि नोकरी सांभाळून त्यांनी परवाना काढला. नवे साहेब दुसऱ्या कंपनीतून आले असून त्यांची बरीचशी कारकीर्द नियोजन, कंत्राटे आणि खर्च-नियंत्रण या बाजूला गेलेली आहे. पहिल्याच बैठकीत त्यांनी तांत्रिक कारणांनी होणारे विलंब वर्षभरात निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि त्याच दमात ड्युटी रोस्टर यापुढे महिनाभर आधी लागेल, असे आश्वासनही दिले.

ज्येष्ठ अभियंते तेव्हापासून गप्प आहेत, आणि त्यांचे गप्प राहणे मला बोलण्यापेक्षा जास्त खटकते. टेक्निशियन मंडळी मात्र उघडपणे खूश आहेत. गुणवत्ता विभागातील लोक ‘थांबा आणि पाहा’ एवढेच म्हणतात. नव्या साहेबांनी आपल्या जुन्या कंपनीतून दोन माणसे बरोबर आणल्यामुळे कँटीनमध्ये तर्कवितर्कांना ऊत आला आहे. नव्या माणसाविषयीचा नेहमीचा संशय कोणता आणि खरोखर लक्ष द्यावे अशी खूण कोणती, हे वेगळे कसे करावे? ज्यांनी असे बदल पाहिले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त_हँगर

माझ्या नोकरीत मी अनेक प्रमुख आले-गेलेले पाहिले. हँगरमधला माणूस वरिष्ठ झाला की विभागाचे भले होते, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. माझा अनुभव तिला फारसा दुजोरा देत नाही. स्वतः स्पॅनर धरलेला माणूस ‘आम्ही तर याहून कमी लोकांत काम काढले’ म्हणून मनुष्यबळाची मागणी फेटाळतो, आणि हिशेबातून आलेला माणूस कधी कधी स्टोअर्समध्ये पडून राहिलेल्या मागण्या एका महिन्यात मार्गी लावतो. त्यामुळे ते कोठून आले यावर फार वेळ घालवू नये.

उद्दिष्टाकडे मात्र बारकाईने पाहावे, कारण तांत्रिक विलंब दोन मार्गांनी कमी होतात. एक मार्ग दोषाच्या मुळाशी जाण्याचा आहे: सुटे भाग वेळेवर आणणे, पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्नॅगचा (दोषाचा) माग काढणे, रात्रीच्या थांब्यात पुरेशी माणसे ठेवणे. दुसरा मार्ग दोष एमईएलमध्ये (कोणता दोष प्रलंबित ठेवून विमान उडू शकते, याची मंजूर यादी) टाकून विमान सोडण्याचा आहे. एमईएल ही पूर्णपणे कायदेशीर आणि आवश्यक सोय आहे, हे येथे वाचणाऱ्या प्रवाशांसाठी मुद्दाम सांगतो. ब वर्गातील दोषाला ३ दिवस, क वर्गाला १० दिवस आणि ड वर्गाला १२० दिवस अशी मुदत असते आणि त्या काळात विमान ठरलेल्या अटींसह सुरक्षितपणे उडू शकते. परंतु सोय ही सवय झाली की मुदतीच्या शेवटच्या रात्री चार विमानांचे दोष एकाच बेवर (विमान उभे करण्याच्या जागेवर) येऊन पडतात, सुटा भाग एकच असतो, आणि मग एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवण्याचा सिलसिला सुरू होतो. त्यात काम दुप्पट होते आणि चुकीची शक्यताही तेवढीच वाढते.

जुलै २०२२ मध्ये डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीचे सरकारी नियामक) विमान कंपन्यांच्या अचानक तपासण्या करून जो आदेश काढला, त्यात नेमकी हीच लक्षणे नोंदवली होती: दोषाचे कारण चुकीचे शोधले जाणे, एमईएलखाली विमाने सोडण्याचे वाढते प्रमाण, आणि थोड्या अंतराने येणाऱ्या अनेक विमानांसाठी पुरेसे प्रमाणन कर्मचारी (देखभालीनंतर विमान सोडण्याची सही करणारे) नसणे. त्यानंतर विमान बी१ किंवा बी२ (विद्युत व इलेक्ट्रॉनिक प्रणालींचा परवाना) परवानाधारकानेच सोडावे, असा आग्रह धरला गेला. यातला कोणताही प्रकार एका रात्रीत झालेला नव्हता, आणि कोणत्याही प्रमुखाने ‘एमईएल वाढवा’ असा लेखी हुकूम दिला असेल असे मला वाटत नाही. खालच्या माणसाने उद्दिष्टाचा अर्थ आपापल्या परीने लावला की पुरते.

तेव्हा आपल्या तळावरील प्रलंबित दोषांची संख्या, त्यातील पुन्हा आलेले दोष आणि विमानांतून काढलेल्या भागांची संख्या यांचा पुढील काही महिन्यांतील कल पाहावा. विलंब आणि हे तीनही आकडे एकाच वेळी खाली येत असतील, तर साहेबांचे अभिनंदन करायला मी स्वतः येईन.

कॅमो_डेस्क

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त पदांच्या रचनेचा मुद्दा राहून गेला आहे. कंपनीच्या परिपत्रकात ‘प्रमुख’ म्हणून ज्यांचे नाव येते, ते आणि नियमांनुसार जबाबदार असलेली व्यक्ती एकच असेल असे नाही. सीएआर-१४५ (सीएआर म्हणजे डीजीसीएचे नियम) खाली देखभाल संस्थेचे आणि सीएआर-एम खाली विमानाच्या उड्डाणयोग्यतेच्या व्यवस्थापनाचे असे दोन स्वतंत्र पदाधिकारी असतात, आणि त्यांच्या नेमणुकीला डीजीसीएची मान्यता लागते. देखभालीसाठी पैसा उभा करण्याचे उत्तरदायित्व मात्र अकाउंटेबल मॅनेजरचे (संस्थेच्या सर्वोच्च उत्तरदायी अधिकाऱ्याचे), आणि गुणवत्ता प्रमुखाला त्यांच्यापर्यंत थेट पोहोचता आले पाहिजे. आपण प्रथम संस्थेचे मंजूर मॅन्युअल उघडून त्यात कोणाचे नाव आहे ते पाहावे. जुनेच नाव असेल आणि निर्णय मात्र नवे साहेब घेत असतील, तर तो प्रश्न गुणवत्ता विभागाने विचारायचा आहे, आणि त्यात कोणाविषयी वैयक्तिक राग असण्याचे कारण नाही.

ही बाब कागदोपत्री वाटेल म्हणून एक उदाहरण देतो. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे २६१ क्रमांकाचे एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि ८८ जण मृत्युमुखी पडले. शेपटीचे स्टॅबिलायझर हलवणाऱ्या जॅकस्क्रू या लांब स्क्रूच्या नटाचे आटे पुरेशा वंगणाअभावी झिजून गेले होते, आणि वंगण घालण्याच्या व झीज मोजण्याच्या वेळांमधले अंतर आधीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेले होते. सप्टेंबर १९९७ मध्ये ओकलंड येथील सी चेकमध्ये (ठरावीक काळाने होणारी मोठी तपासणी) झीज ०.०४० इंच, म्हणजे नेमकी कमाल मर्यादेइतकी मोजली गेली आणि नट बदलावा अशी नोंद झाली. पुढे फेरमोजणीत ०.०३३ इंच आले आणि विमान सेवेत गेले. अपघातानंतर एफएएने (अमेरिकेचे विमान वाहतूक नियामक) केलेल्या विशेष तपासणीत देखभाल संचालकाचे पद बराच काळ रिकामे असल्याचे आणि त्याचे काम दोघांत वाटून दिलेले असल्याचे आढळले.

रिकाम्या पदामुळे नट झिजला असे कोणी म्हणणार नाही. पण प्रत्येक वाढीव अंतराचा एकत्रित परिणाम काय होतो, हे विचारणे ज्याच्या कामाचा भाग होता अशी एक व्यक्तीच त्या जागी नव्हती. नेतृत्वबदलाच्या काळात माझी भीती हीच असते. जुने प्रमुख गेले आणि नवे अजून मंजूर व्हायचे, अशा मधल्या आठवड्यांत मुदतवाढीची आणि अंतरवाढीची कागदपत्रे कोणाच्या सहीने पुढे जात आहेत, ते पाहावे.

अठ्ठावीस_वर्षांचा_टेक्निशियन

ज्येष्ठांचा पूर्ण आदर राखून लिहितो. प्रश्नकर्त्यांनी टेक्निशियन ‘उघडपणे खूश’ असल्याचे लिहिले आहे, आणि त्यात आम्ही भोळे आहोत असा सूर मला जाणवला. आमच्या आनंदाचे कारण साधे आहे. रोस्टर दोन दिवस आधी कळत असेल तर माणूस ना परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करू शकतो ना घरच्या कार्याला जाऊ शकतो, आणि रात्रपाळ्या सलग लागल्या की पहाटे चार वाजता टॉर्क रेंचवरचा आकडा दोनदा वाचावा लागतो. हँगरमधून वर आलेल्या साहेबांना हे सर्व माहीत असते, तरीही अनेक ठिकाणी ते बदलत नाही. २०२२ च्या जुलैमध्ये इंडिगोचे टेक्निशियन हैदराबाद आणि दिल्लीत मोठ्या संख्येने आजारपणाच्या रजेवर गेले होते, ते कमी पगाराच्या निषेधार्थ. तेव्हा समाजमाध्यमांवर अनेकांनी बेशिस्तीची चर्चा केली. ही वेळ येईपर्यंत ऐकून कोणी घेतले नाही, याची चर्चा फार थोड्यांनी केली.

नव्या साहेबांनी रोस्टरचा शब्द पाळला तर तो सुरक्षेचाच निर्णय ठरेल. ज्येष्ठांनी निदान या एका बाबतीत त्यांच्या बाजूने बोलावे, एवढीच अपेक्षा आहे.

ओसीसी_ड्युटी

मी ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये (रोजची उड्डाणे हाताळणारा कक्ष) आहे, म्हणजे ज्यांचा फोन आला की तुम्ही कपाळाला हात लावता त्यांच्यापैकी एक. विमान केव्हा मिळणार, हा प्रश्न देखभाल प्रमुखापेक्षा आम्हीच जास्त वेळा विचारतो. प्रमुखाची खरी किंमत त्या फोनवर कळते: चांगला प्रमुख शिफ्ट इन्चार्जपर्यंत आमचा आवाज पोहोचू देत नाही, स्वतः बोलतो आणि एकच वेळ सांगतो.

उद्दिष्टाबाबत एक धोका सांगतो, जो तुमच्या हँगरमधून दिसणार नाही. विलंबाची नोंद आयएटीएच्या (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) कोडने होते आणि चाळिशीतले कोड तांत्रिक कारणांचे असतात. ४१ म्हणजे विमानातील दोष, ४४ म्हणजे सुटे भाग किंवा उपकरणे नसणे. एका विभागाला फक्त चाळिशीतले कोड कमी करायला सांगितले की पहिली लढाई दोषाशी होत नाही, ती कोडशी होते. स्नॅग सापडेपर्यंत बोर्डिंग उशिरा सुरू झाले, म्हणून विलंब प्रवासी विभागाच्या माथी. विमान बदलले, म्हणून मूळ दोष कोणाच्याच खात्यात नाही. अशा रीतीने आलेख सुंदर होतो आणि विमाने तितकीच उशिरा सुटतात. नवे साहेब हिशेबातले असतील तर त्यांना ही चलाखी आमच्यापेक्षा चांगली ठाऊक असणार. ते ती चालवून घेतात की पकडतात, यावरून माणूस ओळखा.

रात्रपाळी_बी१

सर्वांचे आभार. टेक्निशियन मित्राला जो सूर जाणवला तो माझ्या मनात नव्हता, आणि रोस्टरबाबत त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. कॅमो_डेस्क यांच्या सूचनेप्रमाणे मॅन्युअल पाहिले. त्यात नव्या नावाची दुरुस्ती अद्याप आलेली नाही, आणि मी गुणवत्ता विभागाकडे लेखी विचारणा केली आहे.

एक नवी गोष्ट विचारायची राहिली. उद्दिष्ट जाहीर झाल्यापासून आमचे एक शिफ्ट इन्चार्ज माणसे कमी असली की स्वतःच काम हातात घेतात. नव्या साहेबांनी बैठकीत त्यांचे नाव घेऊन कौतुक केले आणि बऱ्याच जणांना ते आवडलेही. मला मात्र ते पटत नाही, आणि का पटत नाही हे नीट मांडता येत नाही.

निवृत्त_हँगर

आपल्याला ते पटत नाही हे योग्यच आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि कप्तान अर्धे बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवले म्हणून ते वाचले. काच अपघाताच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. बसवलेल्या ९० बोल्टपैकी ८४ ठरलेल्यापेक्षा कमी व्यासाचे निघाले आणि उरलेले ६ आखूड. ते काम शिफ्ट मेन्टेनन्स मॅनेजरने पहाटेच्या वेळी स्वतः केले होते. माणसे कमी होती, विमान सकाळी तयार हवे होते, आणि त्यांचा हेतू पूर्णपणे चांगला होता. काच हे दुसऱ्या व्यक्तीच्या तपासणीचे काम मानलेले नव्हते, त्यामुळे ज्या माणसाने इतरांचे काम पाहायचे त्याचे काम पाहायला कोणीच उरले नाही.

इन्चार्जने हात चालवला तर त्या वेळेपुरती इन्चार्जची जागा रिकामी होते, एवढेच आपल्याला मांडायचे आहे. त्यांच्यावर टीका न करता बैठकीत विचारावे की इन्चार्ज स्वतः काम करत असतील तेव्हा शिफ्टची देखरेख आणि हँडओव्हर कोणाकडे, आणि त्यांच्या कामाची स्वतंत्र तपासणी कोण करणार. हा प्रश्न सर्वांसमोर विचारावा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. साहेबांनी त्यावर माणसे वाढवण्याची भाषा केली तर आपल्या ज्येष्ठांना बोलते करायला ते पुरेसे आहे. आणि प्रश्न विचारणाराच पुढच्या रोस्टरमध्ये दूरच्या स्टेशनवर दिसला, तर येथे जरूर कळवावे.

रात्रपाळी_बी१

पुढील बैठक सोमवारी आहे. वरील दोन्ही प्रश्न, प्रलंबित दोषांचा मासिक आकडा बैठकीच्या विषयपत्रिकेत घेण्याची विनंती, आणि टेक्निशियनच्या रोस्टरची तारीख, असे चार मुद्दे मी आणि दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मिळून लेखी दिले आहेत.